हार्बर टगवर डेकला लागताय? मग आधी दोर समजून घ्या

दापोली, गुहागर, श्रीवर्धन, मुरुडकडची बरीच पोरं जीपी रेटिंगचा म्हणजे जहाजावरच्या खलाशाचा कोर्स करतात, मोठ्या जहाजाची वाट बघत घरी बसतात आणि मग एक दिवस ओळखीतला कोणीतरी सांगतो की नाव्हा-शेव्याला टगवर माणूस पाहिजे, येतोस का. घरच्यांना टग म्हणजे लाँचच वाटते, पोराला वाटतं चार महिने काढू आणि निघू, आणि पहिल्या दिवशी डेकवर उभं राहिल्यावर कळतं की इथलं आपल्याला काहीच माहीत नाही. कोर्समध्ये गाठी शिकवतात, आग विझवायला शिकवतात, लाइफराफ्टमध्ये उडी मारायला लावतात, पण ६० टनाने ताणलेला दोर समोर असताना नेमकं कुठे उभं राहायचं हे धड कोणी सांगत नाही. मी बंदरातल्या टगवर मेट म्हणजे मास्टरच्या (कप्तानाच्या) हाताखालचा अधिकारी आहे, त्यामुळे इथे जे लिहितोय ते हार्बर टगचं, म्हणजे मोठं जहाज ओढून-ढकलून आत आणायचं, धक्क्याला लावायचं, परत बाहेर काढायचं. खोल समुद्रातलं टोइंग वेगळं, त्याबद्दल शेवटाकडे थोडं सांगतो.

टग लागतेच कशाला

मोठ्या जहाजाचं रडर म्हणजे सुकाणू तेव्हाच चालतं जेव्हा त्याच्यावरून पाणी वाहत असतं. बंदरात शिरताना वेग कमी करावा लागतो, वेग कमी केला की रडर ऐकत नाही, आणि ३०० मीटरच्या वर लांबीचं जहाज ब्रेक लावून थांबत नाही. वर वारा आणि खाली प्रवाह. मुंबईच्या बंदरात उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, तेवढं सगळं पाणी सहा तासात आत येतं किंवा बाहेर जातं, म्हणजे प्रवाह किती असेल बघा.

वाऱ्याचा एक ढोबळ हिशोब आमच्याकडे सगळे वापरतात. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १८,००० ने भागायचा आणि जहाजाच्या बाजूच्या चौरस मीटरने गुणायचं, उत्तर टनात येतं. कंटेनरचे थर लावलेलं ३३० मीटरचं जहाज म्हणजे बाजू साधारण १०,००० चौरस मीटर धरा. २० नॉटचा, म्हणजे सेकंदाला साधारण १० मीटरचा वारा आडवा लागला तर ६० टनाच्या आसपास जोर बसतो. तोच वारा ३० नॉट झाला तर १३० टनाच्या वर जातो. वारा दीडपट झाला आणि जोर दुपटीच्या वर गेला, हे लक्षात ठेवा कारण पावसाळ्यात एक काळा ढग येऊन जाईपर्यंत पाच मिनिटांत हे होतं, आणि पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा, अचानक "फुल" का म्हणाला हे तेव्हा कळतं.

टगची ताकद हॉर्सपॉवरमध्ये विचारू नका, बोलार्ड पुल विचारा. टगचा दोर धक्क्यावरच्या मजबूत बोलार्डला म्हणजे खुंटाला बांधायचा, मध्ये वजन मोजायचं यंत्र लावायचं आणि इंजिन फुल करून किती टनाची ओढ टिकते ते बघायचं, झाला बोलार्ड पुल. आपल्या मोठ्या बंदरांत हल्ली ५०-६० टनाच्या टग सर्रास दिसतात. दोन इंजिनं मिळून पाच हजार हॉर्सपॉवर असेल तर ६० टनाच्या आसपास ओढ मिळते.

तुमची टग कुठल्या जातीची आहे हे पहिल्या दिवशीच विचारा, कारण धोका त्याप्रमाणे बदलतो. जुन्या पद्धतीच्या टगला मागे साधे पंखे आणि रडर, टोइंगचा म्हणजे ओढायचा हूक किंवा विंच (दोर गुंडाळायचं यंत्र) मधोमध. दुसरी एएसडी, हिच्या मागच्या भागाखाली दोन थ्रस्टर म्हणजे पंखे असतात जे गोल ३६० अंशात फिरतात, त्यामुळे ती पुढे, मागे, आडवी कशीही जाते आणि काम बहुतेक पुढच्या विंचवरून करते. आज बंदरात तुम्हाला बहुधा हीच मिळेल. तिसरी ट्रॅक्टर टग, तिचे थ्रस्टर पुढच्या भागाखाली असतात, त्यात काहींना फॉइट श्नायडरची उभ्या पात्यांची चक्री असते. त्याचं गणित ऐकायला भारी आहे पण डेकवाल्याला त्याचं फारसं काम पडत नाही, सोडून देतो.

कागदपत्रं, लवकर आटपतो

इंडॉस नंबर (खलाशाचा ओळख क्रमांक), सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), एसटीसीडब्ल्यूचे म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांतले बेसिक कोर्स (पाण्यात जीव वाचवणे, आग, प्रथमोपचार, स्वतःच्या सुरक्षेचा-जबाबदारीचा पीएसएसआर आणि सिक्युरिटीचा एसटीएसडीएसडी) आणि डीजी शिपिंगने म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक खात्याने मान्य केलेल्या डॉक्टरचं मेडिकल. डेकसाठी रंग नीट ओळखता आले पाहिजेत, लाल-हिरवा दिवा कळला नाही तर पुढे काहीच नाही. काही टग हार्बर क्राफ्ट किंवा इनलँड व्हेसल म्हणून चालतात, तिथे सर्टिफिकेटचे नियम वेगळे, आपल्याकडे ते मेरीटाइम बोर्डाकडे असतं. जी टग मिळतेय ती कशाखाली रजिस्टर आहे ते आधी विचारा, नाहीतर वर्षभर राबाल आणि ती सर्व्हिस पुढच्या परीक्षेला धरली जाणार नाही.

आणि एजंट. ज्याच्याकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल म्हणजे खलाशी भरतीचं लायसन्स नाही त्याला एक रुपया देऊ नका. लायसन्स नंबर डीजीच्या साइटवर तपासता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. लायसन्सवाल्याने पण नोकरी लावायचे म्हणून पैसे मागायचे नसतात. बेलापूरच्या एखाद्या गाळ्यात बसून लाख-दीड लाख मागणारा माणूस तुमच्या काकांचा कितीही जवळचा असला तरी उठून या.

पहिला दिवस

हार्बर टगवर साधारण आठ-दहा माणसं. मास्टर, मेट, चीफ साहेब म्हणजे मुख्य इंजिनिअर, सेकंड म्हणजे त्याच्या खालचा, एखाद-दोन ऑइलर, डेकवर तीन-चार जण आणि भंडारी म्हणजे स्वयंपाकी. सामान केबिनमध्ये टाकलं की पहिल्यांदा मोबाईलवर रील टाकू नका, डेकवर एक चक्कर मारा आणि एवढं शोधा: लाइफजॅकेट कुठे, लाइफराफ्ट कुठे, फायर पंप कुठून चालू होतो, इंजिन रूममधून बाहेर यायचा दुसरा रस्ता कुठला, आणि विंचचा इमर्जन्सी रिलीज कुठे. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ताणलेला दोर क्षणात सुटावा म्हणून ब्रिजवर (टग चालवायच्या खोलीत) आणि विंचजवळ बटण किंवा लिव्हर असतो. तो कोण ओढणार, ओढल्यावर ड्रमवरून दोर कसा सुटणार, हे मास्टरला विचारा. चांगला मास्टर खूश होईल. जो चिडला त्याच्या टगवर जरा जास्त सांभाळून राहा.

कपड्यांचं सांगतो. वर्क व्हेस्ट म्हणजे कामाचं लाइफजॅकेट डेकवर कायम, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला, सेफ्टी शूज, हातमोजे मापाचे. ढगळ हातमोजा ड्रममध्ये अडकतो आणि हात घेऊन जातो. अंगठी, कडं, गळ्यातली चेन काढून ठेवा, देवाचा ताईत असेल तर खिशात ठेवा, तिथूनही राखतो तो. एप्रिल-मे मध्ये दुपारी बारा वाजता त्या व्हेस्टमध्ये जीव नकोसा होतो हे मान्य, तरी काढायचा नाही.

जॉब सुरू व्हायच्या आधी

जॉबची वेळ आली की खाली चीफ साहेब तेल, पाणी, थ्रस्टरच्या तेलाची टाकी वगैरे बघतो, ते आपलं नाही. डेकवाल्याने दोर बघायचा. हल्ली टोइंगचा दोर एचएमपीई नावाच्या धाग्याचा असतो, डायनीमा म्हणून जास्त ओळखतात. स्टीलच्या वायरएवढी ताकद आणि वजन तिच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं, पाण्यावर तरंगतो, हाताला वायरचे काटे लागत नाहीत. जुने सरंग म्हणजे खलाशांचे मुकादम सांगतात की वायरच्या काळात पुढचा दोर उचलायला चार माणसं लागायची, आता दोघांत होतं.

पण त्याचे दोन दोष आहेत. एक म्हणजे उष्णता, १५० अंशाच्या आसपास तो वितळायला लागतो, आणि फेअरलीडवर, म्हणजे दोर जिथून बाहेर वळतो त्या लोखंडी वाटेवर, ताण असताना घासला की तेवढी उष्णता पटकन होते. दुसरं म्हणजे तो जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे लाटेचा झटका सरळ विंचला आणि जहाजाच्या बिट्सला म्हणजे दोर अडकवायच्या खुंटांना बसतो, म्हणून मध्ये पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा तुकडा लावतात जो थोडा ताणतो आणि झटका खातो. तर रोज दोर हातातून सरकवत बघायचं: कुठे धागे तुटून केस आल्यासारखं झालंय का, कुठे वितळून चकचकीत कडक झालाय का, कुठे जाडी कमी झालीय का, डोळ्याच्या म्हणजे आयच्या भागावरचं कव्हर फाटलंय का. थोडे केस आलेले चालतात, वरवरची झीज असते. कडक चकचकीत पट्टा दिसला तर मेटला दाखवा, तिथेच आणि तेव्हाच. "काल पण होता" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका.

फेअरलीड आणि बिट्सवरून हात फिरवा. गंजाची कड किंवा जुन्या वायरने पडलेली खाच असेल तर नवीन दोर चार जॉबमध्ये खलास.

दोर द्यायचा कसा

टग चालत्या जहाजाच्या पुढे किंवा मागे येते. जहाज तेव्हा पाच-सहा नॉटवर असेल तर बरं, त्याहून जास्त असेल तर मास्टर पायलटला वेग कमी करायला सांगतो. जहाजाच्या पुढच्या टोकाखाली पाणी विचित्र वागतं, एका जागी ढकलतं आणि दोन मीटर पुढे गेलं की आत ओढतं, आणि पाण्याखाली बल्बस बो म्हणजे जहाजाच्या नाकाचा पुढे आलेला फुगवटा असतो जो तुम्हाला दिसत नाही. तेवढा वेळ मास्टरशी कोणी बोलायचं नाही, चहा पण विचारायचा नाही.

वरून जहाजाचा माणूस हिव्हिंग लाइन म्हणजे बारीक दोरी टाकतो. तिच्या टोकाला गाठीचा गोळा असतो, आणि नियमात नसलं तरी काही जहाजांवर त्या गोळ्यात शिसं किंवा नट भरलेला असतो. २० मीटरवरून तो डोक्यात आला तर हेल्मेटसुद्धा पुरणार नाही. म्हणून टाकायच्या आधी आडोशाला थांबा, लाइन डेकवर पडू द्या, मग पुढे जा. हवेत झेलायला जाऊ नका, क्रिकेट नाही ते.

लाइन मिळाली की तिला आपला मेसेंजर बांधायचा, म्हणजे मध्यम जाडीचा दोर, आणि मेसेंजरच्या मागे टोइंगचा मोठा दोर. वरचे लोक मेसेंजर ओढून मोठा दोर वर घेतात आणि त्याचा आय जहाजाच्या बिट्सवर टाकतात. या वेळात विंचवाल्याने दोर तेवढाच सोडायचा जेवढा वर जातोय. ढिला झाला तर पाण्यात लोंबतो आणि टग जरा मागेपुढे झाली की थ्रस्टरकडे जातो. थ्रस्टरमध्ये दोर गेला तर टगची अर्धी ताकद गेली, आणि तीही जहाजाच्या नाकासमोर असताना. आमच्याकडे अजून काही जुने लोक "हाबिस" आणि "आरिया" ओरडतात, वर घे आणि खाली सोड, तर गोंधळू नका. वॉकीटॉकीवर मात्र इंग्रजीच चालतं.

वर बिट्सवर पांढऱ्या रंगात एसडब्ल्यूएल, म्हणजे किती टन भार सुरक्षित, आणि आकडा लिहिलेला असतो, टोइंगसाठी असेल तर टो असं लिहितात. आकडा ४० असेल आणि आपली टग ६० टनाची असेल तर फुल ओढायचं नाही, आणि ते पायलटला सांगणं मास्टरचं काम. पण तो आकडा खालून दिसला तर वाचून ब्रिजला सांगणं तुमचं. जुन्या जहाजावर गंजलेला चॉक म्हणजे दोर जायचं भोक दिसला तरी सांगा.

वरून हात हलवून "फास्ट" म्हणजे दोर पक्का झाला असं सांगितलं की डेकवाला ब्रिजला सांगतो आणि डेक रिकामा करतो. इथपासून खरं काम सुरू होतं आणि डेकवाल्याचं काम एकच, बाजूला राहणं.

ताण आल्यावर

पायलट टगचं नाव घेऊन ऑर्डर देतो, पुश (ढकल) किंवा पुल (ओढ), मग डेड स्लो, स्लो, हाफ, फुल, कधी दिशा पण. मास्टर तीच ऑर्डर परत बोलून दाखवतो, काही ठिकाणी छोटी शिट्टी देतात. ऑर्डर ऐकत राहायची सवय लावा, कारण "पुल हाफ" ऐकल्यावर तीन सेकंदांनी दोर उचलून ताठ होणार हे तुम्हाला आधीच कळलं पाहिजे.

ताठ दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, पुढे नाही आणि मागेही नाही. दोर फेअरलीडवर वळत असेल तर त्या वळणाच्या आतल्या बाजूला तर अजिबात नाही. लोक म्हणतात डायनीमा तुटला तर झटका मारत नाही, खोटं आहे. नायलॉनपेक्षा कमी मारतो एवढंच, आणि मधला ताणणारा तुकडा असेल तर त्याच्यात साठलेला सगळा जोर परत येतो. दोराची तुटायची ताकद टगच्या ओढीच्या दोन-अडीच पट ठेवतात, पण लाटेवर टग वरखाली होत असताना झटक्याचा ताण बोलार्ड पुलच्या कितीतरी वर जातो. सगळ्यात चांगली जागा म्हणजे आत, दाराच्या मागे. काही काम नसताना ताण असलेल्या डेकवर उभं राहून फोटो काढणारा माणूस मला दिसला की मी पहिल्यांदा फोन घेतो, मग बोलतो.

ढकलायचं असेल तर टगचा रबरी फेंडर जहाजाच्या पोटाला टेकतो. कुठेही टेकून चालत नाही, आतून मजबूत फ्रेम असते तिथेच, आणि तिथे जहाजावर टग असं लिहिलेलं असतं किंवा बाण काढलेला असतो. रात्री सर्चलाइट मारून ती खूण शोधणं डेकवाल्याकडे येतं. मध्येच टेकवलं तर पत्रा आत जातो आणि मग सहा महिने कागदपत्रं.

अजून एक गोष्ट जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही. ओढताना दोर फार आखूड ठेवला तर थ्रस्टरने मागे फेकलेलं पाणी जहाजाच्याच पत्र्यावर आदळतं आणि टग ओढतेय तेवढंच पाणी जहाजाला उलटं ढकलतं. धूर निघतोय, इंजिन बोंबलतंय आणि जहाज जागचं हलत नाही. मास्टर म्हणाला दोर सोड तर याच्यासाठी.

त्या पाण्याचा त्रास इतरांनाही होतो. बंदरात घारापुरीच्या लाँच असतात, कोळ्यांच्या होड्या असतात, फुल केलेल्या टगच्या मागचं पाणी त्यांना आडवं करू शकतं, म्हणून मागे कोण आहे ते बघून ब्रिजला सांगत राहायचं. हा त्रास टगच्या जन्मापासूनचा आहे. स्कॉटलंडमध्ये १८०३ मध्ये शार्लट डंडास नावाच्या वाफेच्या बोटीने कालव्यातून प्रत्येकी ७० टनाच्या दोन बार्ज जवळपास ३० किलोमीटर ग्लासगोपर्यंत ओढून नेल्या, काम फत्ते झालं, आणि तरी कालव्याच्या मालकांनी ती बंद ठेवली कारण तिच्या लाटांनी काठ ढासळतील अशी त्यांना भीती होती.

टग उलटते कशी

हे नीट वाचा. टग जहाजाला ओढते तोवर ठीक, पण जहाजाचा वेग वाढला किंवा टग मागे पडली तर जहाज टगला ओढायला लागतं. दोर टगच्या पुढून किंवा मागून न जाता आडवा, बाजूने जायला लागला की तो टगला कुशीवर पाडतो. उधळलेला बैल दावं धरणाऱ्याला आडवा पाडून फरफटवतो तसंच. इंग्रजीत याला गर्टिंग म्हणतात आणि जुन्या पद्धतीच्या टगला, जिचा हूक मधोमध असतो, याचा धोका सगळ्यात जास्त. कुशीवर पडायला लागल्यापासून पाणी आत शिरेपर्यंत काही सेकंद मिळतात, विचार करायला वेळ नसतो.

स्कॉटलंडमध्येच क्लाइड नदीत डिसेंबर २००७ मध्ये फ्लाइंग फँटम नावाची टग दाट धुक्यात एका मोठ्या मालवाहू जहाजाच्या पुढे ओढत असताना अशीच उलटली, चारपैकी तिघे गेले. त्याच नदीत फेब्रुवारी २०२३ मध्ये बायटर नावाची टग एका छोट्या प्रवासी जहाजाच्या मागे बांधलेली असताना उलटली, दोघेच होते, दोघेही गेले. तिथे गॉब रोप, म्हणजे टोइंगचा दोर टगच्या मागच्या टोकाकडे दाबून ठेवणारा दुसरा दोर, पाहिजे तसा धरून राहिला नाही, आणि डेकवरचं एक हॅच म्हणजे झाकण उघडं होतं.

त्या हॅचबद्दल बोलू. आपल्याकडे उकाडा एवढा असतो की इंजिन रूमचं दार, डेकवरची झाकणं हवेसाठी उघडी टाकायची सवय असते, दाराला दोरीचा तुकडा बांधून ठेवलेला असतो. दोर बांधलेला असताना सगळी दारं आणि हॅच बंद, सगळी म्हणजे सगळी, किचनचं पण. भंडारी कुरकुर करेल, करू दे. टग कलंडली तरी आत पाणी शिरलं नाही तर ती परत सरळ व्हायची शक्यता असते, शिरलं तर नाही. हे काम नवीन माणसाचंच असतं आणि कोणी बघत नसताना करायचं असतं. दोर आडवा जायला लागलाय असं तुम्हाला दिसलं तर ओरडा, मास्टरला दिसतच असेल असं धरून चालू नका, त्याचं लक्ष जहाजावर आणि पायलटवर असतं.

दोर सोडताना

जॉब संपला, "लेट गो" आलं, सगळ्यांना घाई झालेली असते, वरच्या लोकांना पण. त्यांनी मेसेंजर धरून दोर हळूहळू खाली सोडायचा असतो आणि आपण त्याच वेगाने विंचवर गोळा करायचा असतो. बरेच वेळा ते आय बिट्सवरून काढतात आणि सरळ खाली टाकून देतात. तो खाली डेकवर आला तर माणसाला लागतो, पाण्यात पडला तर थ्रस्टरमध्ये. म्हणून आधीच हाताने खूण करून सांगायचं, सावकाश, आणि त्यांनी हात दाखवेपर्यंत आपण ताण पूर्ण काढून ठेवायचा. दोर पूर्ण आत येऊन ड्रमवर नीट बसेपर्यंत डेकवरून हलायचं नाही.

काही जागांचं वेगळं

मुंबईच्या इंदिरा डॉकमध्ये जाताना लॉकमधून जावं लागतं. १९१४ सालचा डॉक, लॉकची रुंदी १०० फूट म्हणजे ३०.५ मीटर. जहाज आत गेलं की बाजूला टगला जागाच उरत नाही, सगळं काम पुढच्या आणि मागच्या टगने रेषेत राहून करायचं, दोर आखूड. नाव्हा-शेव्याला, जे बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, जागा भरपूर पण जहाजं प्रचंड आणि वारा आडवा, तिथे दोन-तीन टग लागतात.

जवाहर द्वीपला तेलाच्या टँकरला लागलात तर मोबाईल बंद, विडी-सिगारेटचं नावसुद्धा नको, आणि वॉकीटॉकी स्पार्क न होणारा मंजूर सेटच. जॉबनंतर कधी कधी तिथे आगीसाठी स्टँडबाय राहावं लागतं. टगवर फायफाय-१ म्हणजे आग विझवायच्या ताकदीचा दर्जा लिहिलेला असेल तर तिच्या दोन मॉनिटरनी म्हणजे पाण्याच्या तोफांनी तासाला मिळून २,४०० घनमीटर पाणी १२० मीटर लांब फेकता आलं पाहिजे. आठवड्याला ते चालवून बघतात, तेव्हा समोर कोळ्याची होडी नाही ना ते बघा.

आणि पावसाळा. मांडव्याच्या लाँच जून ते ऑगस्ट बंद असतात, टग बंद नसते. बाहेरच्या बाजूला लाट मोठी असते, डेकवर एकट्याने जायचं नाही, एक हात कायम रेलिंगला.

जहाज धक्क्यावरून सुटल्यावर टग किती लांब जायची हा आता जगभर बोलला जाणारा विषय झालाय. मार्च २०२४ मध्ये बाल्टिमोरला डाली जहाजाला धक्क्यावरून सोडवून टग परत गेल्या होत्या, थोड्या वेळाने जहाजाची वीज गेली आणि ते 'की ब्रिज' नावाच्या पुलावर आदळलं. म्हणून काही बंदरांत अरुंद चॅनल संपेपर्यंत टग मागे बांधून ठेवतात, याला एस्कॉर्ट म्हणतात. तासभर मागे चालत राहायचं, काहीच घडत नाही, झोप येते, आणि तेव्हाच जागं राहायचं असतं.

सुरुवातीला म्हटलं होतं ते खोल समुद्राचं. बॉम्बे हायकडे बार्ज सांभाळणाऱ्या, नांगर उचलणाऱ्या टगवर पगार बरा असतो पण काम पूर्ण वेगळं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाला तेव्हाच वरप्रदा नावाची टगही बुडाली आणि तिच्यावरचे बहुतेक सगळे गेले. जॉइन करण्याआधी विचारा टग हार्बरची का ऑफशोअरची, वादळाचा इशारा आला तर आत कधी येणार हे कोण ठरवतं. घरी आईला पण तेच सांगा जे खरं आहे.

पुढे काय या प्रश्नाला थोडक्यात: टग आता बॅटरीवर येतायत. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला २०२२ पासून स्पार्की नावाची ७० टनाची पूर्ण इलेक्ट्रिक टग आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ग्रीन टगची योजना आणली, पहिल्या चार बंदरांत आपलं जेएनपीए म्हणजे नाव्हा-शेवा आहे, बाकी कांडला, पारादीप आणि तुतिकोरिन. डेकवरचा दोर तोच राहणार आहे, तरी इलेक्ट्रिकलकडे कल असेल तर ईटीओचा म्हणजे जहाजावरच्या इलेक्ट्रिकल अधिकाऱ्याचा कोर्स बघून ठेवा.

साइन ऑफ करताना एवढं न विसरता करा. सी-सर्व्हिसचं लेटर हातात घेतल्याशिवाय टग सोडू नका. त्यावर टगचं नाव, ग्रॉस टनेज, इंजिनाचे किलोवॅट, तुमची रँक, चढल्याची आणि उतरल्याची तारीख बरोबर आहे का ते तिथेच उभं राहून वाचा, सीडीसीवरच्या शिक्क्याशी जुळवा आणि फोटो काढून घरी पाठवा. नंतर ऑफिसला फोन करून ते दुरुस्त करून घेणं म्हणजे सहा आठवडे गेले.